पालथा पेला

आमच्या घरात दिवस मावळल्याचं घड्याळ सांगत नसे, आक्का सांगायची. ऊन अजून बांधावरच्या बाभळीच्या शेंड्यावर असतानाच ती चूळ भरायची, घोटभर पाणी प्यायची आणि आपला पितळी पेला हंड्याच्या झाकणावर पालथा घालायची. तो आवाज आला की सगळ्यांना कळायचं, आता उद्या सकाळी दोन घटका दिवस वर येईपर्यंत आक्काच्या तोंडात पाण्याचा थेंब जाणार नाही. मग उन्हाळा असो, अंगात ताप असो, नाहीतर लग्नघरातला चुलीपुढचा जाळ असो. मी लहान असताना एकदा खोडी म्हणून तो पेला सुलटा करून ठेवला होता. तिनं माझा कान असा पिळला की तो आठवडाभर माझा मलाच वेगळा वाटत होता.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलती, तारामती. आम्ही सदलग्याचे, जैन शेतकरी. दूधगंगेकाठी थोडा तंबाखू, थोडा शाळू. थोरले काका लवकर गेले, आक्काला मूलबाळ नव्हतं, म्हणून मला वाढवायचं काम तिनं न विचारता आपल्याकडे घेतलं. माझी आई कांता ही तिची धाकटी जाऊ. आईनं मला जन्म दिला आणि आक्कानं वळण लावलं, असं आक्का चारचौघांत सांगायची. आई ते ऐकून नुसती हसायची. आईचा स्वभावच तसा, सैल गाठीचा.

दोघींनी रात्री अन्नपाणी न घेण्याचा नियम एकाच दिवशी घेतला होता. मी सात-आठ महिन्यांचा असताना गावात एक मुनिमहाराज विहार करत आले होते. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, बायाबापड्या त्यांच्यापुढं बसल्या आणि हात जोडून नियम घेतला. मीही तिथं होतो म्हणे, आक्काच्या मांडीवर. पण माझी साक्ष कोण धरणार?

पुढं झालं असं, की त्याच वर्षी आईला हिवतापानं गाठलं. थंडी वाजून ताप चढला आणि रात्री ती उठून हंड्यातलं पाणी प्यायली. आक्कानं पाहिलं. आई म्हणाली, "आक्का, आजारपनाला सूट हाय न्हवं? म्हाराजांनीच सांगितलंय." आक्का म्हणाली, "मी बी तिथंच हुतो. मला न्हाय ऐकू आली ती सूट. तुझ्या सोयीची सूट दिसतीय."

दुसऱ्या दिवशी आक्कानं आपला हंडा वेगळा केला. एक चूल, एक तवा, एक परात, पण पाण्याचे हंडे दोन. आईनं आक्काच्या हंड्याला हात लावायचा नाही. आक्का तिच्यावर कधी ओरडली नाही, तिला उपाशी ठेवलं नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी तर चाळीस दिवस आईला जागची हलू दिली नाही. पण भांडणात शेवटचा शब्द ठरलेला असायचा, "चोरून पानी पिनारीनं मला शिकवू नये." आई एवढ्यावर गप्प व्हायची. अठ्ठावीस वर्षं गप्प होत आली होती.

असल्या कडक बाईला एकच व्यसन होतं, मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची आणि बोटानं दाताला घासायची. सकाळी, दुपारी आणि पेला पालथा घालायच्या आधी. कांदा नाही, बटाटा नाही, मध नाही, पण मिश्री तीन वेळा. मी निपाणीला मास्तर झालो तेव्हा सुट्टीत येऊन तिला छेडायचो, "आक्का, मिश्रीचं काय सांगितलंय शास्त्रात?" ती म्हणायची, "नाव न्हाय तिचं शास्त्रात. सोडा बी म्हटलेलं न्हाय." पुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एकोणीसशे चाळीस साली तिच्या डाव्या गालात आतून चट्टा आला. तिनं सहा महिने कुणाला सांगितला नाही. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली तेव्हा आईनं ओळखलं आणि मला निपाणीला निरोप धाडला. आईनं धाडला हे आक्काला कळू द्यायचं नव्हतं, एवढंही त्या निरोपात होतं.

मी रजा टाकून आक्काला मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गालाचा कणभर तुकडा काढून तपासला आणि चार दिवसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर आहे, पण अजून गालातच आहे, मानेत उतरलेला नाही. यंत्राच्या किरणांचा शेक द्यायचा, पंचवीस वेळा, पाच आठवडे. पुरता झाला तर बाई जगेल. त्यातला "जगेल" हा शब्द मी पक्का धरून ठेवला.

डॉक्टर मोठे नीट माणूस होते. शेकापेक्षा शेकानंतरचं सांभाळणं अवघड, असं त्यांनी आक्काला समोर बसवून सांगितलं. गालाचं कातडं भाजल्यासारखं काळं होईल, त्याला साबण, हळद, तेल, चुना काही लावायचं नाही, उन्हात जायचं नाही. तोंडात फोड येतील. थुंकी आटेल, जीभ लाकडासारखी होईल, चव जाईल. तिखट आणि मिश्री बंद. मीठ आणि सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं तासातासाला चूळ भरायची आणि घोट-घोट पाणी पीत राहायचं, दिवसा आणि रात्रीही. "तोंड ओलं राहिलं तर आपण शेवटपर्यंत जाऊ. तोंड सुकलं तर मला मध्येच थांबावं लागेल, आणि मध्येच थांबलेला शेक काही कामाचा नाही," ते म्हणाले.

आक्कानं सगळं मान खाली घालून ऐकलं. बाहेर आल्यावर कनवटीची मिश्रीची डबी काढून माझ्या हातात दिली. चाळीस वर्षांची सवय तिनं त्या वऱ्हांड्यात सोडली आणि पुन्हा त्या डबीकडं बघितलं नाही. बाईचं सगळं असंच होतं. धरायचं तर पुरतं, सोडायचं तर पुरतं. मला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. हेच पुढं आपल्या मुळावर येणार आहे, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

पहिले दोन आठवडे बरे गेले. मी दवाखान्याजवळ एक खोली घेतली होती. तिथं तांदळाची पेज, मुगाचं कढण, दूध-तूप असं करून सकाळ-दुपार घेऊन जायचो. सिस्टरनं एकदा दुधात अंडं फेटून द्यायचं काढलं, तेव्हा आक्कानं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं आयुष्यात पुन्हा अंड्याचं नाव काढलं नसेल. बाकी सगळ्यात आक्का शहाण्या मुलीसारखी वागत होती. गाल काळा पडला, तिनं हात लावला नाही. चव गेली. "पेज आनि चुलीतली राख, दोनी सारखंच लागतंय," म्हणायची आणि वाटी संपवायची. सिस्टर रोज संध्याकाळी तिच्या उशाशी झाकून पाण्याचा तांब्या ठेवायची आणि सकाळी तो रिकामा असायचा. कागदावर लिहिलेलं असायचं, रात्री पाणी व्यवस्थित घेतलं. मिश्री सोडली तसा तिनं नियमही बाजूला ठेवला असणार, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या आठवड्यात तोंड फुटलं. आतून गाल, जिभेची कड, ओठ, सगळं सोललेलं आणि कोरडं. ओठ दाताला चिकटलेले असायचे, सकाळी ते सोडवताना रक्त यायचं. चौदा शेक झाले होते, अकरा राहिले होते. डॉक्टर कागद पुन्हा पुन्हा बघत होते. "एवढं पाणी पिऊन असं तोंड व्हायला नको होतं. बाईंना हा शेक सोसत नाही असंच म्हणावं लागेल," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत थांबतो. तोंडात काही फरक पडला तर पुढं जाऊ. नाहीतर इथंच थांबू."

तो गुरुवार होता. इथंच थांबू म्हणजे काय, ते मला शेतकऱ्याच्या पोराला कुणी समजावून द्यायला नको. अर्धी उपटलेली हरळी दुप्पट जोरानं येते.

मी वॉर्डाबाहेर कट्ट्यावर डोकं धरून बसलो होतो. आक्काच्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडच्या एका खेड्यातली मालुबाई होती. झाडावरून पडून पाय मोडलेली, बोलकी बाई. ती कुबडी टेकत आली आणि माझ्याशेजारी बसली.

"मास्तर, तुमास्नी एक सांगू का? आक्कांनी आन घातलीय, पर माझ्यानं ऱ्हावत न्हाय."

"सांगा की."

"ती बाई रातच्याला पानी पीतच न्हाय. दिवस बुडायच्या आदी पेला पालथा घालती. तांब्यातलं पानी सगळं मला पाजवती. म्हनती, तू पी, वाया जाऊ नये. मी आपली पितोय. मला काय म्हाईत, तिच्या तोंडाचं पानी मी पितोय म्हनून."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला मात्र राग आला. हिवाळ्याचे दिवस, रात्र मोठी. मावळतीच्या आधीपासून सकाळी दोन घटका दिवस वर येईपर्यंत चौदा तास ती बाई कोरड्या तोंडानं पडून राहत होती, आणि थुंकीही नसलेलं तोंड. डॉक्टर कागद बघत होते, मी पेज शिजवत होतो, आणि हिनं आम्हा सगळ्यांना वेड्यात काढलं होतं.

मी आत गेलो आणि पहिल्यांदाच आक्कावर आवाज चढवला. ती शांतपणे ऐकत राहिली. बोलायला तिला त्रास होत होता, शब्द जिभेला अडकत होते.

"नियम हाय, सुकू."

"जीव जाईल त्या नियमापायी."

"जाऊ दे की. नियम मोडून ऱ्हायलेला जीव काय करायचा?" आणि मग म्हणाली, "कांताला अठ्ठावीस वर्सं बोललोय मी. आता कुठल्या तोंडानं पिऊ?"

घोडं कुठं पेंड खात होतं ते तेव्हा मला कळलं. नियम होताच, पण त्याच्या पाठीमागं आईही उभी होती. मी काहीतरी जोरात बोलणार होतो, पण तिच्या ओठाला रक्त आलेलं दिसलं आणि माझा राग गळून गेला. मला तिची भयंकर कीव आली, आणि भीती वाटली. आक्काशिवाय घर कसं असेल याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता.

डॉक्टरांना जाऊन खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणजे शेकाचा दोष नाही. चांगली बातमी आहे ही. तुमच्याकडं सोमवारपर्यंत वेळ आहे."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं हातकणंगले, तिथून इचलकरंजीपर्यंत मोटार आणि पुढं बैलगाडी असं करत दुपारी उशिरा सदलग्याला पोचलो. आई अंगणात शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली.

"सूट हाय रं बाबा," ती म्हणाली. "म्हाराजांनी सोताच्या तोंडानं सांगितलेली. आजारपन, बाळंतपन आनि परवास. मी काय खोटं सांगतोय व्हय?"

"मग आक्काला का ऐकू आली नाही? ती पण तिथंच होती."

"ते मला काय म्हाईत? मी फुडं बसलेली, त्या मागं. त्यांनी मला खोटी ठरवली, मी ठरलो. भांडून काय करायचं हुतं?"

आता आईच्या शब्दावर तर आक्का पाणी पिणार नव्हती. मी उठलो आणि बस्तीकडं गेलो. आमचे जिनदत्त उपाध्ये तेव्हा ऐंशीच्या घरात होते. बस्तीची पूजाअर्चा त्यांच्याकडं, आणि नियम घेतला त्या दिवशी महाराजांच्या उजव्या हाताला तेच बसले होते. हातात पितळी तांब्या घेऊन ते ओसरीवर बसलेले सापडले. हा तांब्या सगळ्या गावाच्या ओळखीचा. डाव्या अंगाला पोचा पडलेला, पण रोज राखेनं घासून लख्ख. तांब्या दिसला म्हणजे उपाध्ये मागोमाग आलेच, असं गावात म्हणायचे.

मी सांगत गेलो आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं म्हाताऱ्यांना झोप लागली. मग ते एकदम हसायला लागले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

"तुझी आई खरं सांगतीय," ते म्हणाले. "सूट हुतीच. सगळ्यास्नीच ठेवत्यात. नियम म्हंजे काय मानूस मारायचा सापळा न्हाय. पर तारामतीनं ती ऐकली न्हाय, हे बी खरं हाय."

"म्हणजे कसं?"

"अरं, म्हाराज नियम सांगत हुते, समद्या हात जोडून बसल्यात. तारामतीच्या मांडीवर एक पोर हुतं. निम्मं सांगून हुतंय तवर त्या पोरानं जे भोकाड पसरलं, बस्ती दणाणली. तिला लाज वाटली, उठून भायेर गेली पोराला घेऊन. सूट सांगितली ती तिच्या माघारी. ती परत आली तवा समद्या नमस्कार करून उठत हुत्या. मी बगितलंय की ह्या डोळ्यांनी."

"कुणाचं पोर होतं ते?"

"आता हितं बसून मला इचारतंय, त्येच."

वर्गात पोरांना कारण आणि परिणाम शिकवणारा मास्तर मी. अठ्ठावीस वर्षं घरात दोन हंडे, आईच्या माथ्यावर चोरीचा आळ आणि आता आक्काचं सोललेलं तोंड, सगळ्याच्या मुळाशी माझंच एक भोकाड. माझी साक्ष कुणी धरणार नाही म्हणत होतो, आणि गुन्हाच माझा निघाला.

"आजोबा, एक चिठ्ठी द्या," मी म्हणालो.

"ती वाचती व्हय?"

"नाही."

"मग तू वाचून दाखवनार. आनि ती म्हननार, मास्तर हाय, काय बी वाचंल." तिच्या स्वभावाचा पाढा त्यांना माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. मग हातातला तांब्या त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "हे घेऊन जा. उद्या निगताना माझ्या हितनं पानी घ्या. मी सोता गाळून उकळून देतो. उकळलेलं पानी आठ प्रहर चालतं, रातीपुरतं पुरंल. आनि तुझ्या आईला ने संगं. तिच्याच हातनं दे. म्हनावं, नियम मोडत न्हाय, ऐकायचा ऱ्हायलेला अर्धा नियम ऐकून घे."

आई पहिल्यांदा यायला तयार नव्हती. "माझ्या हातचं त्या घ्यायच्या न्हाईत. आजारी मानसाला आनि ताप कशाला?" म्हणाली. पण शनिवारी उजाडायच्या आत तिनं लुगडं बदललं होतं आणि गाडीत बसली होती. वाटभर तांब्या तिच्या मांडीवर होता, तोंडाला ओलं फडकं बांधलेला. बैलगाडीत, मोटारीत आणि आगगाडीत तिनं तो एकदाही खाली ठेवला नाही. मी घेतो म्हटलं तर म्हणाली, "तू नगं. तू रडशील."

आईचा हा थट्टेचा सूर मी पुष्कळ दिवसांनी ऐकला.

आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा ऊन खिडकीच्या वरच्या गजावर चढलं होतं आणि आक्काचा पेला उशाशी पालथा पडला होता. आक्कानं आधी आईकडं बघितलं, मग तांब्याकडं. तांब्यावर तिची नजर थांबली. पोचा आईच्या बोटांखाली होता. आईनं बोटं बाजूला केली.

"उपाध्यांचा तांब्या," आक्का म्हणाली.

"व्हय."

मी सांगायला सुरुवात केली. बस्ती, महाराज, मांडीवरचं पोर, भोकाड, बाहेर जाणं. आक्का छताकडं बघत ऐकत होती. पोराच्या रडण्यापाशी आलो तशी तिची मान हळूहळू माझ्याकडं वळली.

"व्हय रं," ती म्हणाली. "भायेर पिंपळाखाली नेलं हुतं तुला. पान दिलं हातात तवा गप झालास." तिला ते झाड आठवत होतं, हातातलं पान आठवत होतं, पण आपण आत नव्हतो तेव्हा आत काही बोललं गेलं असेल, हे एवढ्या वर्षांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

आईनं तोवर पेला उचलून सुलटा केला होता आणि त्यात पाणी ओतलं होतं. बाहेर दिवस बुडत होता. पेला तसाच हातात धरून ती खाटेपाशी उभी राहिली, पुढं केला नाही. आक्काच्या हंड्याला हात न लावायची अठ्ठावीस वर्षांची सवय तिच्या हातात होती.

आक्का उठून बसली. "कांता," ती म्हणाली, "मी तुला चोर म्हनत आलो."

"म्हटलासा."

"तू का न्हाय गं भांडलीस?"

"प्या आदी," आई म्हणाली. "मग भांडू. ऱ्हायलेलं लई हाय."

आक्कानं दोन्ही हातांनी पेला घेतला. पहिला घोट तिनं गिळला नाही, तोंडात धरून ठेवला, डोळे मिटून. तो गालातून फिरताना होणारी आग तिच्या कपाळावर दिसत होती. मग गिळला. मग दुसरा. खिडकीबाहेर अंधार झाला होता आणि आक्का पाणी पीत होती. मालुबाई पलीकडच्या खाटेवर तोंडाला पदर लावून रडत होती आणि मीही, आईनं वाटेत सांगितल्याप्रमाणे, रडलो.

रात्री आई तिथंच खाली चटई टाकून झोपली आणि दर तासाला उठून तिनं आक्काला चूळ भरायला लावली. मिठा-सोड्याचं पाणी, मग दोन घोट साधं. सोमवारी डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड बघितलं. तोंड बरं झालेलं नव्हतं, दोन दिवसांत ते होणारही नव्हतं. पण ओलं होतं आणि नवा फोड नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर विश्रांती देतो आणि उरलेले अकरा देतो." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मी मास्तर असल्यामुळं नुसतं "बरं" म्हणालो.

अकराच्या अकरा शेक झाले. ते सोपे गेले असं मी म्हणणार नाही. पेजेतला मिठाचा कणही झोंबायचा, म्हणून आई अळणी पेज थंड करून द्यायची. दूध-तूप कोमट, पिकलेलं केळं कुस्करून. गालाचं कातडं एका आठवड्यात करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं निघालं आणि खालून गुलाबी, नवं कातडं आलं. त्याला आई माशीही बसू देत नव्हती. रिकाम्या वेळात दोघी राहिलेलं भांडण भांडत होत्या. कुणी कुणाच्या माहेरच्यांना काय वाढलं होतं, कुठली म्हैस कुणी विकायला लावली, असं एकेक. आक्काला बोलवत नसे, म्हणून ती हातानं भांडायची. मालुबाई म्हणाली, असली करमणूक तिनं जत्रेतसुद्धा बघितली नव्हती.

घरी आल्यावर एक नवीन संकट उभं राहिलं. आक्काचा जबडा आखडायला लागला, तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. हे होईल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं आणि दातांत लाकडी पट्ट्या धरायला सांगितल्या होत्या, रोज एक वाढवत. पट्ट्या दोन दिवसांत हरवल्या. मग आईनं शाळूच्या वाळल्या धाटाचे बोटभर तुकडे केले आणि उकळून काढले. आक्का ओसरीवर बसून दातांत धाटं धरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खुणेनं सांगायची, आज पाच, आज सहा. नववं धाट मावलं त्या दिवशी ती भाकरीचा तुकडा चावून खाऊ शकली. दुपारी आईनं गुळाचा खडा तिच्या जिभेवर ठेवला. आक्कानं तो तोंडात घोळवला आणि म्हणाली, "गोड हाय." आई चुलीकडं तोंड करून बसली ती बराच वेळ इकडं वळलीच नाही.

गाल पुरता भरला, चट्टा गेला तो गेलाच. डाव्या बाजूचं तोंड मात्र कोरडंच राहिलं. ते तसंच राहणार, रात्री पाणी लागणारच, असं डॉक्टर म्हणाले होते. यावर आक्काला नवीन काळजी पडली. सूट आजारपणाची. मग आजारपण संपलं कधी म्हणायचं? ती उपाध्यांना विचारायला गेली. म्हाताऱ्यांनी आपला तांब्या परत घेतला आणि म्हणाले, "ते कांता ठरवंल. ती सांगंल त्या दिशी तू बरी झालीस. तवर आजारी." त्यानंतर दोन वर्षांनी उपाध्ये गेले, आणि तो निकाल कायम झाला.

घरात आता हंडा एकच आहे. दिवस मावळायच्या आधी आक्का सवयीनं अजूनही पेला पालथा घालते. आई कुठूनतरी येते, काही न बोलता पेला सुलटा करते, उकळलेलं पाणी भरते आणि उशाशी नेऊन ठेवते.

सत्तेचाळीसच्या दिवाळीला मी निपाणीहून घरी गेलो, तेव्हा आक्का ओसरीवर बसून शेंगा दातांनी फोडून खात होती. शेकाला सात वर्षं होत आली होती. अंगानं भरली होती आणि सकाळीच शेतावर जाऊन गड्यांना झापून आली होती. मी आईला विचारलं, "काय गं, आक्का बरी झाली की नाही अजून?"

आईनं हातातली भाजी निवडायची थांबवली नाही. "कुठली बरी? अजून लई दिस लागतील."

मी आक्काकडं बघितलं. तिनं तोंडातलं टरफल बाजूला टाकलं.

"कांता म्हनती म्हंजे नसंल बरी," ती म्हणाली, आणि पाण्यासाठी पेला आईपुढं धरला.